वळीवडे कॅम्पचा आकडा नक्की कुठला धरायचा?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तू एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, घर गांधीनगरचं, आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आलेले, आणि लघुप्रबंधाला विषय घेतलायस कोल्हापूरजवळच्या वळीवड्याचा पोलिश निर्वासितांचा कॅम्प आणि नंतर त्याच बराकींमध्ये वसलेली सिंधी वसाहत. तीन महिने वाचून झाल्यावर कॅम्पातल्या माणसांचे चार आकडे तुझ्या वहीत आहेत, चारही वेगळे, आश्रय नक्की कोणी दिला याची तीन उत्तरं आहेत, गाइड म्हणतायत विषय बदल, आणि तू विचारतेस की सर, अशा इतिहासात खरं काय ते ठरवायचं कसं.

विषय बदलू नकोस, हे पहिलं. मी सत्तावीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्यातली निम्मी वर्षं तरी सुट्टीच्या दिवशी उचगाव, वळीवडे, रुकडी या पट्ट्यात वही घेऊन फिरलो. तुझ्या वहीतले चार आकडे वेगळे आहेत म्हणून तू चुकलेली नाहीस, उलट आता कुठे कामाला सुरुवात झालीय असं मी म्हणेन. माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे, ते आधीच सांगून टाकतो. कुठलाही जुना कागद हा कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतो, आणि तो प्रश्न तुझा नसतो. रेशनवाल्या कारकुनाला पोती किती लागतील ते हवं होतं, देश गेल्यावर लंडनमधून कारभार चालवणाऱ्या पोलिश सरकारला आपली माणसं किती वाचली ते हवं होतं, दिल्लीतल्या खात्याला खर्च कुणाच्या नावे टाकायचा ते हवं होतं. मूळ प्रश्न शोधलास की आकडे भांडायचे थांबतात.

आता कॅम्पचा आकडा घे. कॅम्प बांधला साधारण ५,००० माणसांसाठी, १९४३ च्या मध्याला लोक यायला लागले आणि १९४८ ला तो रिकामा झाला. हे जे ५,००० सगळीकडे छापून येतं ते मुळात बांधणीचं माप आहे. एखाद्या महिन्याची हजेरी वेगळी, पाच वर्षांत येऊन गेलेल्या सगळ्यांची बेरीज वेगळी, आणि यादीवर नाव आहे पण माणूस पाचगणीला उपचारासाठी आहे असा प्रकार वेगळा. त्यात १९४६ ला जामनगरजवळच्या बालाचडीचा मुलांचा कॅम्प बंद झाला आणि तिथली मुलं वळीवड्याला आली, म्हणजे दोन्ही कॅम्पांचे आकडे सरळ मिळवलेस तर तीच पोरं दोनदा मोजली जाणार. बालाचडीचंही तसंच आहे, कुठे ५००, कुठे ६४०, कुठे १,००० मुलं लिहिलेली सापडतात, आणि एका वेळची पटसंख्या की एकूण येऊन गेलेली मुलं हे कुणी सांगतच नाही. म्हणून तुझ्या वहीत प्रत्येक आकड्यासमोर तीन गोष्टी लिही, कोणत्या तारखेचा, कोणी मोजला, कशासाठी मोजला. ज्या आकड्याला यातलं एकही लागत नाही तो पेन्सिलीने गोल करून बाजूला ठेव, प्रबंधात घालू नकोस.

यापेक्षा मोठं उदाहरण म्हणजे ही माणसं मुळात आली कुठून त्याचं. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं, आणि वळीवड्याची सगळी गोष्ट त्या दुसऱ्या तारखेपासून सुरू होते. त्या पूर्व भागातून १९४० च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये आणि मग १९४१ च्या मे-जूनमध्ये अशा चार मोठ्या खेपांत घरंच्या घरं मालगाड्यांत घालून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेली. किती माणसं नेली? युद्धाच्या काळात आणि नंतर कित्येक वर्षं दहा लाख आणि त्याहून जास्त असे अंदाज छापले जायचे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या गुप्त पोलिसांची कागदपत्रं उघडली तेव्हा चार खेपांचा मिळून आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघाला. लगेच दोन तट पडले, एक म्हणतो आधीचे लोक वाढवून सांगत होते, दुसरा म्हणतो पोलिसांच्या कागदावर काय विश्वास ठेवायचा. पण नीट बघ ना, पोलिसांचा आकडा हा फक्त त्या चार खेपांत गाडीत चढवलेल्यांचा आहे. त्यात अटक करून तुरुंगात आणि छावण्यांत घातलेले नाहीत, युद्धकैदी नाहीत, लाल सैन्यात जबरदस्तीने भरती केलेली पोरं नाहीत. जुन्या अंदाजात हे सगळेच एकत्र होते, शिवाय ते अंदाज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या दुःखाच्या मापाने केलेले. दोन्ही आकड्यांमागचा प्रश्न वेगळा आहे, आणि तरीही कमी निघालेला आकडा कमी निघाला हे प्रामाणिकपणे लिहायचं असतं. सव्वातीन लाख म्हणजे काही लहान संख्या नाही, एवढी माणसं थंडीत दारातून उचलली गेली हेच पुरेसं भयंकर आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

पहिल्या खेपेत, म्हणजे १० फेब्रुवारी १९४० ला, मुख्यतः कोण होतं माहितीये? ओसादनिक आणि जंगलखात्यातले लोक. हा ओसादनिक शब्द तुझ्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे म्हणून इथे थोडा थांबतो. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा देश म्हणून उभा राहिला, मग सोव्हिएतांशी लढाई झाली, आणि मार्च १९२१ मध्ये रिगाच्या तहाने सीमा ठरली. त्या वेळी पोलिश सरकारने आपल्या लढलेल्या सैनिकांना पूर्व सीमेवर जमिनी देऊन वसवलं, त्याचा कायदा डिसेंबर १९२० चा. असा वसवलेला माणूस म्हणजे ओसादनिक. आता पोलिश घरातल्या आठवणीत हा आजोबा म्हणजे पडीक रान फोडून शेत उभं करणारा कष्टाळू माणूस. शेजारच्या युक्रेनियन नाहीतर बेलारूसी गावाच्या आठवणीत हाच माणूस सरकारने आणून बसवलेला, ज्या जमिनीची ते स्वतः वाट बघत होते ती घेऊन बसलेला. आणि सोव्हिएत कागदावर तोच वर्गशत्रू. माणूस एकच आहे, आणि तिन्ही वर्णनांत काहीतरी खरं आहे. त्याच्या सहा वर्षांच्या पोरीला अर्ध्या रात्री बर्फात बाहेर काढलं त्याचं समर्थन यातल्या कुठल्याच वर्णनाने होत नाही, पण ती पोरगी ज्या घरातून निघाली ते घर तिथे कसं आलं होतं हे न सांगता पुढची गोष्ट सांगितली तर ती अर्धी राहते. वसवलेल्या माणसांचा इतिहास लिहिताना हा प्रश्न सुटत नाही, त्या जागेवर आधी कोण होतं. तुला तो वळीवड्यालाही विचारायचा आहे आणि गांधीनगरलाही, त्यावर मी खाली येतोच.

आता शब्दांबद्दल, कारण आकड्यांपेक्षा शब्द जास्त फसवतात. २२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला, मग ३० जुलैला लंडनमध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात करार झाला आणि हद्दपार केलेल्या पोलिश नागरिकांना सोडायचं ठरलं; त्यांच्यातलेच काही जण पुढे इराणमार्गे वळीवड्याला पोचले. त्या सुटकेला कागदोपत्री शब्द आहे अ‍ॅम्नेस्टी, म्हणजे आपण माफी म्हणतो ती. माफी कशाची? ज्या बाईने काहीच गुन्हा केला नाही तिला माफी. तू मराठीत लिहिताना 'सोव्हिएत सरकारने त्यांना माफी दिली' असं सहज लिहून जाशील आणि नकळत सोव्हिएत कारकुनाच्या बाजूने लिहून मोकळी होशील. मी स्वतः एका लेखात असं लिहिलं होतं, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, आणि कुणी दाखवून दिलं नाही, मलाच नंतर वाचताना खटकलं. 'सुटका' लिही, आणि कराराने वापरलेला शब्द कोणता ते एकदा सांगून टाक.

तसंच 'विवाहित' या शब्दाचं. एप्रिल १९४० च्या खेपेत बहुतेक करून अटक झालेल्यांची आणि युद्धकैदी अधिकाऱ्यांची कुटुंबं होती, म्हणजे बायका, मुलं, म्हातारी माणसं. त्याच महिन्यांत रशियातल्या कातिनच्या जंगलात आणि आणखी ठिकाणी मिळून साधारण २२,००० पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या जात होत्या, त्यात या बायकांचे नवरे होते. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी कातिनच्या कबरी जाहीर केल्या, सोव्हिएतांनी हात झटकले आणि पोलिश सरकारशी संबंधच तोडले, ब्रिटनला सोव्हिएत दोस्ती हवी होती म्हणून तेही गप्प राहिलं. सोव्हिएत कबुली आली ती थेट १९९० ला. आता वेळ जुळवून बघ. कातिनची बातमी एप्रिल १९४३ ची आणि वळीवड्याच्या बराकी भरायला लागल्या त्याच वर्षाच्या मध्याला. नवऱ्याचं पत्र १९४० पासून बंद झालेली एखादी बाई कोल्हापुरात उतरते, नोंदणीच्या टेबलासमोर उभी राहते, आणि कारकून रकाना भरतो, विवाहित. तू आज ती यादी मोजशील आणि लिहिशील की कॅम्पात विधवांचं प्रमाण कमी होतं. ही चूक आकडेमोडीने सापडणार नाही, तारखा शेजारी शेजारी मांडल्या तरच सापडते. म्हणून मी सगळ्या विद्यार्थ्यांना एक लांब कागद करायला लावायचो, वरच्या ओळीत जग, मधल्या ओळीत हिंदुस्थान, खालच्या ओळीत कोल्हापूर, महिन्यागणिक. फार साधं काम आहे पण निम्म्या गोष्टी त्यानेच उलगडतात.

आणि त्या खालच्या ओळीमुळेच 'आश्रय कोणी दिला' याचंही उत्तर बरंचसं मिळतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली तेव्हापासून आपल्याकडे कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश लोकांना आसरा दिला हे वाक्य फार फिरतंय. बोलणाऱ्यांची भावना चांगलीच आहे, कोल्हापूरचा माणूस म्हणून मलाही अभिमान आहे. पण १९४३ ला गादीवर कोण होतं? राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० ला गेले. त्यानंतर दत्तक घेतलेले शिवाजी महाराज हे तान्हं बाळ होते आणि १९४६ ला लहान वयातच वारले, कारभार बघत होती ती रीजन्सी, म्हणजे राजा अज्ञान असताना त्याच्या नावाने राज्य चालवणारी व्यवस्था. बालाचडीचं तसं नाही, तिथे जामनगरचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी स्वतः पुढे झाले, नरेंद्र मंडळाचे, म्हणजे संस्थानिकांच्या मंडळाचे, चान्सलर म्हणून इतर संस्थानिकांनाही त्यांनी यात ओढलं. आपल्याकडे लोक या दोन गोष्टी मिसळतात, जामसाहेबांचा प्रसंग उचलून कोल्हापूरला लावतात. वळीवडे हा हिंदुस्थान सरकार, लंडनचं पोलिश सरकार आणि संस्थान या तिघांच्या पत्रव्यवहारातून उभा राहिलेला कॅम्प आहे, जागा आणि शेजार कोल्हापूरचा. हे लिहिलंस म्हणून कोल्हापूरचा मान कमी होत नाही, उलट दूध, भाजी, सरपण घेऊन रोज कॅम्पाच्या दारात जाणाऱ्या गावच्या माणसांना जागा मिळते, आजपर्यंत त्यांचं नाव कुणी घेतलेलं नाही.

त्या माणसांबद्दल माझा एक अनुभव सांगतो. नव्वदीच्या अखेरीस मी एका आजींकडे गेलो होतो, वळीवड्याच्याच जवळ, त्या लहानपणी आईबरोबर कॅम्पावर अंडी विकायला जायच्या. मी सुरुवातीलाच विचारलं, कॅम्पात लोक किती होते हो? म्हणाल्या, लई. कोणत्या साली आले? त्या गप्प. माझे प्रश्नच चुकीचे होते. मग त्यांच्या सुनेने चहा आणला, थोडं इकडचं तिकडचं झालं, आणि मी विचारलं पाटीत अंडी किती असायची. झालं, आजी सुरू झाल्या. दोन डझन, खाली भाताचं काड, वर फडकं, आणि आई हाताने धरून चालायची कारण डोक्यावर घेतली तर फुटायची, रस्त्याला मृगाचा चिखल. मृगाचा, म्हणजे जून. कॅम्पातल्या बायका फ्रॉक घालायच्या, हातवारे करून भाव करायच्या, आणि 'यायका, यायका' म्हणायच्या. मी वहीत लिहिलं, 'यायका, कॅम्पातल्या बाईचं नाव?' आणि ते तसंच राहिलं. सात-आठ वर्षांनी कॅम्पात लहानपण घालवलेले काही पोलिश पाहुणे कोल्हापूरला आले होते, त्यांच्यातल्या एका बाईंना मी ती ओळ वाचून दाखवली. त्यांचे डोळे भरले. याइका म्हणजे पोलिश भाषेत अंडी. पन्नासेक वर्षं त्या आजींनी तो शब्द जसाच्या तसा जपून ठेवला होता आणि मी त्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं. आजी तोवर गेल्या होत्या, त्यांना हे सांगता आलं नाही, ते मला अजून लागतं. तेव्हापासून मुलाखतीत जो शब्द कळत नाही तो मी तसाच उच्चाराप्रमाणे लिहितो, दुरुस्त करत नाही, आणि अर्थ आपल्या मनाने घालत नाही.

तारखांसाठी म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नकोस, दुसऱ्या कुठल्या गोष्टीच्या आधी की नंतर ते विचार. आपल्या भागात धरायला पक्के खुंटे आहेत. वसंतदादा सांगलीचा जेल फोडून पळाले ते जुलै १९४३, म्हणजे अगदी कॅम्प भरत होता तेव्हा. नाना पाटलांचं प्रतिसरकार. कंट्रोलचं धान्य. गांधीहत्येनंतरची कोल्हापुरातली जाळपोळ, फेब्रुवारी १९४८ च्या आसपासची. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. 'गोरे लोक गेले ते जाळपोळीच्या आधी का मागनं?' असं विचारलंस तर उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा बरोबर येतं. पण एक काळजी घे, मुलाखत घ्यायच्या आधी त्यांना पेपरातलं कात्रण दाखवू नकोस. अलीकडे इतक्या बातम्या आल्यात की लोक स्वतःचं सोडून पेपरातलंच परत सांगतात, आणि त्यांनाही ते कळत नाही.

हीच अडचण लिखित साक्षींनाही आहे. अमेरिकेत हूवर संस्थेत पोलिश सैनिकांच्या आणि मुलांच्या हजारो साक्षी आहेत, १९४२-४३ ला इराण-इराकच्या बाजूला जनरल आंडर्सच्या सैन्याने, म्हणजे सोव्हिएत संघातून सुटलेल्या पोलिश लोकांतून उभ्या राहिलेल्या फौजेने, जमवलेल्या. वाचायला बसलीस तर सगळ्यांची गोष्ट एकाच क्रमाने जाते, अटक, प्रवास, छावणी, काम, अन्न, सुटका. नवख्याला वाटतं पढवून घेतलंय. कारण साधं आहे, छापील प्रश्नावली वाटली होती आणि लोक प्रश्नांच्या क्रमाने उत्तरं देत होते. जे विचारलं नाही ते त्यात नाही. शेजारच्या युक्रेनियन गावाशी संबंध कसे होते हे सहसा कुणी आपणहून लिहिलेलं नाही. त्या गप्प राहिलेल्या जागा मार्जिनमध्ये खूण करून ठेवायच्या.

नावांचा गोंधळ हा वेगळाच. वळीवडे इंग्रजी कागदात कधी व्हीने सुरू होतं कधी डब्ल्यूने, मधला ळ कधी एल होतो, आणि बऱ्याच पोलिश कागदांत नुसतंच 'कोल्हापूर' लिहिलेलं, म्हणजे शोधताना चार-पाच स्पेलिंगं टाकल्याशिवाय राहू नकोस. पोलिश आडनावात नवरा कोवाल्स्की असेल तर बायको कोवाल्स्का, इथल्या कारकुनाला ती दोन कुटुंबं वाटू शकतात. जन्मगावाचं तर विचारूच नकोस, एकच गाव जर्मनमध्ये लेंबर्ग, पोलिशमध्ये ल्वूफ, आज ल्विव्ह, आणि १९४५ नंतरच्या काही कागदांवर जन्मदेश सोव्हिएत संघ. ती बाई जागची हलली नाही, वळीवड्याच्या बराकीतच बसली होती, पण फेब्रुवारी १९४५ ला याल्टाला तीन माणसांनी सीमा सरकवली आणि तिचं गाव दुसऱ्या देशात गेलं. म्हणून कॅम्प संपताना त्यातले कमी लोक पोलंडला परतले आणि बरेच इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे गेले. 'ते मायदेशी परतले' असं एका ओळीत लिहिलेलं मी कितीतरी ठिकाणी वाचलंय, तू लिहू नकोस. त्यातच ५ जुलै १९४५ ला ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताच काढली, तेव्हापासून पैसा आणि जबाबदारी वेगळ्या हातात गेली, कागदांची शीर्षकं बदलली आणि फायलींचे नंबरही. १९४५ नंतरचं काही सापडत नाही असं तू लिहिलंयस ना, ते बहुतेक यामुळे. तिथून पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत आणि निर्वासित संस्थांच्या नावाखाली शोध.

एक गोष्ट जाता जाता, तुझ्या प्रबंधात आली नाही तरी मनात ठेव. कॅम्पातल्या कित्येक मुलांचे बाप आणि भाऊ आंडर्सच्या सैन्यात इटलीत लढत होते, मे १९४४ ला मोंते कॅसिनो त्यांनीच घेतलं. आणि त्याच इटलीत आपली मराठा पलटण होती, यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ चं आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईचं व्हिक्टोरिया क्रॉस आहे. सेनिओवर ९ एप्रिलला जो हल्ला सुरू झाला त्यात पोलिश फौज आणि आठवी हिंदी डिव्हिजन एकाच आघाडीवर होत्या. इकडे वळीवड्याच्या बराकीतली पोलिश बाई आणि तिला दूध घालणारी, जिचा पोरगा पलटणीत आहे अशी गावातली बाई, दोघी एकाच आघाडीवरच्या पत्राची वाट बघत असणं अगदी शक्य होतं. असं एखादं घर सापडलं तर मला नक्की कळव, मला आजवर सापडलेलं नाही.

आता गांधीनगर. हा भाग तुझा स्वतःचा आहे आणि माझ्यापेक्षा तू जास्त करू शकशील, कारण मला सिंधी येत नाही. पोलिश लोक गेले आणि त्याच कौलारू बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली. ही काही एकटी घटना नाही, कल्याणजवळ युद्धात उभारलेली लष्करी छावणी होती तिथे सिंधी लोकांना ठेवलं आणि १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. युद्धासाठी बांधलेल्या छावण्या फाळणीला उपयोगी पडल्या, म्हणजे युद्धाचा इतिहास आणि वसाहतीचा इतिहास एकाच छपराखाली राहिला, अक्षरशः. पण कागद बघायला गेलीस तर कॅम्पच्या फायली एका खात्यात संपतात आणि पुनर्वसनाच्या फायली दुसऱ्या खात्यात सुरू होतात, मधले महिने कुणाच्याच नाहीत. ते मधले महिने हाच तुझा प्रबंध आहे असं मला वाटतं. पहिलं सिंधी कुटुंब आलं तेव्हा शेवटचं पोलिश कुटुंब गेलं होतं का? शाळा, चर्च, दवाखान्याच्या इमारतींचं काय झालं, भांडीकुंडी-खाटा कुणाला मिळाल्या? एवढं जरी तू पक्कं लावलंस तरी नवीन काम होईल.

आणि तिसरा थर, ज्याकडे मीही उशिरा गेलो. १९४३ च्या आधी ही जमीन कुणाची होती? तलाठ्याकडे आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार बघ, सातबाऱ्यावर मागे मागे जात राहा. जुना भाग मोडीत असेल, घाबरू नकोस, कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसं आहेत आणि मोडीचे वर्गही भरतात, चार महिन्यांत तुला स्वतःला लागायला लागेल. पुराभिलेखागाराची कोल्हापूर शाखा आहे तिथे संस्थानचं दप्तर बघ, संस्थान आणि दिल्ली यांच्यातला पत्रव्यवहार ब्रिटिश रेसिडेंटमार्फत जायचा म्हणून त्या बाजूच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोध, त्यांच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर घरबसल्या बऱ्याच गोष्टी दिसतात. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली वाच पण युद्धकाळात सेन्सॉर होता हे विसरू नकोस, कॅम्पबद्दल पेपरात कमी येतं याचा अर्थ गावात चर्चा नव्हती असा होत नाही.

तुझ्या गाइडना विषय मोठा वाटतोय ते बरोबरच आहे. पाच भाषा, चार खाती, तीन देश, हे एका लघुप्रबंधात मावणार नाही. त्यांना सांग की मी १९४७ च्या मध्यापासून १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत एवढंच घेते, आणि पोलिश बाजू छापील इंग्रजी साहित्यावरून, सिंधी बाजू मुलाखतींवरून, जमीन फेरफारांवरून. असं नीट आखून दिलंस तर ते नाही म्हणतील असं वाटत नाही.

तू शेवटी लिहिलंयस की आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत सिंधीतले काही कागद आहेत, अरबी वळणाच्या लिपीतले, तुला वाचता येत नाहीत आणि आजोबांना आता नीट दिसत नाही. प्रबंधाचं बाकी सगळं थांबलं तरी चालेल, हे या रविवारी कर. कागद उलगडताना घडीवर जोर देऊ नकोस, जिथे फाटतंय तिथे सेलोटेप लावू नकोस, दिवसाउजेडी खिडकीपाशी दोन्ही बाजूंचे फोटो काढ, मागे पेन्सिलीने काही आकडा असेल तर त्याचा वेगळा. मग वस्तीतल्या ज्या कुणा म्हाताऱ्या माणसाला ती लिपी येते त्यांना घरी बोलाव, कागद मोठ्याने वाचायला सांग आणि आजोबांना शेजारी बसव. फोन रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेव आणि तू मध्ये बोलू नकोस. कागदात जे असेल ते असेल, पण ऐकताना आजोबा मध्येच थांबवून जे सांगतील ते दुसऱ्या कुठल्याही दप्तरात नाही. पाकिटावर 'वळीवडे' लिहिलंय का 'गांधीनगर', आणि शिक्का कुठल्या तारखेचा, तेवढं मला लगेच कळव.